मॉरिशसचे अरण्य आणि करारबद्ध मजूर : एका आरोपाची छाननी

एखाद्या प्रदेशात परदेशांतून मोठ्या संख्येने माणसे येऊन राहिली म्हणजे तेथील वन, जल, भूमी आणि आरोग्य यांचा ऱ्हास होतो, हे विधान इतके स्वयंसिद्ध मानले जाते की त्याची ऐतिहासिक तपासणी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. माणसे वाढली, झाडे कमी झाली. तेव्हा माणसांमुळे झाडे गेली, असा हा सरळ हिशेब आहे. हिशेबातील दोन्ही आकडे बहुधा खरेच असतात. प्रश्न उरतो तो त्या दोहोंना जोडणाऱ्या ‘मुळे’ या शब्दाचा. कोणत्या माणसांमुळे, कोणाच्या आज्ञेने आणि कोणाच्या लाभासाठी, हे त्या शब्दाखाली झाकले जाते.

या प्रश्नाच्या अभ्यासास मॉरिशस बेटाइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ५०० मैलांवर असलेल्या या ७२० चौरस मैलांच्या ज्वालामुखीजन्य बेटावर इ. स. १६३८ पूर्वी मनुष्याची स्थायी वस्ती नव्हती. तेथे जो कोणी आला तो समुद्रावरूनच आला, आणि बहुतेक आगमनांची लेखी नोंद झाली. मनुष्याने अरण्यावर केलेल्या परिणामाचा आरंभ अन्यत्र प्रागैतिहासिक काळाच्या धुक्यात हरवतो. येथे तो तारखांसह सांगता येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या बेटावर मूळचा असा कोणीच नाही तेथे ‘यजमान’ आणि ‘आगंतुक’ हा भेद निसर्गदत्त नसतो. जो आधी आला व ज्याच्या हाती जमीन राहिली तो यजमान ठरला. जो नंतर आला व ज्याच्या हाती कुदळ राहिली तो आगंतुक ठरला.

पहिले आगंतुक डच. १६३८ ते १७१० या काळात, मध्ये काही वर्षांचा खंड पडून, त्यांनी येथे वसाहत चालविली. काळ्याकभिन्न गाभ्याच्या आबनूस वृक्षांची तोड हा तिचा मुख्य उद्योग होता. १६३९ मध्ये जावा बेटातून त्यांनी ऊस आणला, हरणेही आणली. डोडो या उडता न येणाऱ्या पक्ष्याचा वंश सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नष्ट झाला. त्यास माणसाच्या शिकारीपेक्षा जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरे आणि माकडे अधिक कारणीभूत झाली असावीत, असे आता मानले जाते. डचांनी बेट सोडल्यावर फ्रेंचांनी ते १७१५ मध्ये आपल्या ताब्यात घेतले. त्यांच्या अमदानीत, विशेषतः ला बूर्दोने याच्या कारकीर्दीपासून, आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर शेतीचा व बंदराचा विस्तार झाला.

तथापि फ्रेंच अमदानीचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. १७६७ ते १७७२ या काळात बेटाचा इंटेन्डन्ट असलेला पिएर प्वाव्र याची अशी दृढ समजूत होती की अरण्य तुटले म्हणजे पाऊस कमी होतो व झरे आटतात. त्याच्या प्रेरणेने १७६९ मध्ये निघालेल्या नियमांनुसार प्रत्येक जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, मुख्यतः डोंगरउतारावरील, वनाखाली राखावयाचा होता. पर्यावरणविषयक आधुनिक विचाराचा उगम युरोपात नसून मॉरिशससारख्या उष्ण कटिबंधातील बेटांत आहे, असे प्रतिपादन रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले, ते प्रामुख्याने या नियमांच्याच आधारे. मतभेदास येथे जागा आहे. परंतु एक गोष्ट निर्विवाद होय. पहिला हिंदी करारबद्ध मजूर बेटावर उतरण्यापूर्वी साठ-पासष्ट वर्षे तेथील सत्ताधाऱ्यांना वृक्षतोडीचा धोका ठाऊक होता, आणि त्याविरुद्ध नियमही अस्तित्वात होते. पुढे जे घडले ते अज्ञानाने घडले नाही.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस येथील तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. १८२५ हे वर्ष मात्र सत्तांतराच्या वर्षापेक्षाही महत्त्वाचे मानावे लागेल. त्या वर्षी मॉरिशसच्या साखरेवरील इंग्लंडमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणण्यात आली. तोवर कॉफी, लवंग, कापूस, मका, कसावा अशी विविध पिके घेणारे बेट पाहता पाहता एकपिकी झाले. १८२५ च्या सुमारास साखरेचे वार्षिक उत्पादन दहा हजार टनांच्या आसपास होते. १८५० च्या दशकाच्या मध्यास त्याने एक लाख टनांचा आकडा ओलांडला. मधल्या काळात, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, बेटावर गुलामगिरी रद्द झाली. मुक्त झालेल्या गुलामांनी मळ्यांकडे पाठ फिरविली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळविले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले, तेथून या स्थलांतराची सुरुवात धरण्यात येते. भरतीतील अत्याचारांचा बोभाटा झाल्यामुळे १८३९ ते १८४२ पर्यंत ते बंद राहिले. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ते पुन्हा सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते थांबले तोवर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे मॉरिशसला गेली होती. त्यांतील तिसरा हिस्सा तरी परत आला. १८६१ च्या खानेसुमारीत बेटाची लोकसंख्या सुमारे ३ लाख १० हजार भरली आणि तीत हिंदी लोकांचे प्रमाण दोन-तृतीयांशांच्या जवळ गेले. पंचवीस वर्षांत लोकसंख्या तिपटीने वाढण्याची अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नाहीत.

याच पंचवीस वर्षांत अरण्याचे काय झाले? १८३० च्या दशकाच्या मध्यास बेटाचा निम्म्याहून बराच अधिक भाग वृक्षाच्छादित होता. हिंदुस्थानच्या वनखात्यातील अधिकारी थॉम्पसन यास १८८० मध्ये बेटावरील वनांची पाहणी करण्यासाठी पाठविण्यात आले, तेव्हा दाट वन म्हणता येईल अशी भूमी त्यास एकंदर क्षेत्रफळाच्या शेकडा ४ इतकीही आढळली नाही. लोकसंख्येची चढती रेषा आणि अरण्याची उतरती रेषा एकाच कागदावर काढल्यास त्या एकमेकींस जेथे छेदतात तेथेच समकालीन निरीक्षकांनी आपला निष्कर्ष लिहून टाकला. हिंदी मजूर आले, सरपण व झोपड्यांसाठी लाकूड तोडू लागले, अरण्य गेले.

हा निष्कर्ष तपासताना प्रथम मजुरांच्या पोटाकडे पाहणे उपयुक्त ठरते. बाहेरून आलेली लोकसंख्या आपल्या अन्नासाठी जमीन फोडते, हे सर्वसाधारण सूत्र आहे. मॉरिशसमध्ये ते लागू पडत नाही. करारानुसार मजुरास मिळणारा शिधा म्हणजे तांदूळ, डाळ, तूप अथवा तेल, मीठ व खारी मासळी. त्यातील तांदूळ बव्हंशी बंगालमधून जहाजाने येई. दोन लाख हिंदी माणसांचे पोट मॉरिशसच्या भूमीवर भरलेच जात नव्हते. नवी फोडलेली जवळजवळ सारी जमीन उसाखाली गेली आणि तो ऊस लंडनच्या बाजारासाठी होता. लोकसंख्येच्या दाबाने अरण्य मागे हटले असते तर त्याच्या जागी भाताची खाचरे दिसली असती.

दुसरे असे की, तोडीची दिशा वस्तीच्या दिशेने गेलेली नाही. किनाऱ्यालगतच्या सखल जमिनी प्रथम उसाखाली आल्या आणि प्रथम निःसत्त्व झाल्या. १८५० च्या दशकात पेरूच्या किनाऱ्यावरील ग्वानो खत जहाजे भरभरून आणावे लागले, यावरून जमिनीची अवस्था कळते. १८४६ च्या कायद्याने वसाहतींच्या साखरेस इंग्लंडमध्ये मिळणारी सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली. भाव उतरले तेव्हा त्याची भरपाई मळेवाल्यांनी अधिक जमीन लागवडीखाली आणून केली. ऊस मध्य पठाराच्या दमट, उंच भागात चढू लागला आणि तेथील अरण्य त्याच्यापुढे मागे हटत गेले. प्वाव्रच्या काळापासूनचे नियम रद्द झाले नव्हते. कोणी ते बजावीत नव्हते इतकेच. मळेवाल्यांच्या सभेत आणि गव्हर्नरच्या मंडळात बहुधा तीच माणसे असत.

मजुराच्या हाती कुऱ्हाड होती हे खरे. पण ती कोठे चालवावी हे ठरविण्याची मुभा त्यास नव्हती. महिना पाच रुपयांच्या आसपास वेतन, एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी कपात’, मळ्याबाहेर पडण्यास परवान्याची अट, अशा बंधनांतील माणसास एखाद्या प्रदेशाच्या वनसंपत्तीचा विध्वंसक म्हणणे म्हणजे विहीर खणणाऱ्यास पाण्याचा मालक म्हणण्यासारखे आहे. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटाचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. तेथे हिंदी मजुरांची आयात झाली नाही. एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या शेकड्यांतून हळूहळू दोन-तीन हजारांपर्यंत गेली. तरीही वणवे व मोकाट गुरे यांमुळे त्या बेटाचे अरण्य इतके उद्ध्वस्त झाले होते की, शुक्राच्या अधिक्रमणाच्या निरीक्षणासाठी १८७४ मध्ये तेथे गेलेल्या मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बॅल्फोर यास मूळ वनाचे अवशेषच शोधावे लागले. माणसांची संख्या आणि अरण्याचा नाश यांचे प्रमाण सरळ नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे प्रमाण एकंदरीत थोडे, शेकडा दहाहूनही कमी होते. त्यांत रत्नागिरीकडील व घाटावरील मराठी भाषकांचा भरणा होता आणि त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून वेगळे ओळखले जातात. ही माणसे ज्या कोकणातून गेली तेथेही त्याच सुमारास वृक्षतोडीची चर्चा चालू होती. दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे प्रमुख व १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी कोकणातील डोंगर उघडे पडल्याने झरे आटत आहेत, अशी सूचना सरकारला १८४० च्या दशकात दिली होती. एका उघड्या पडत चाललेल्या डोंगरावरून उतरून दुसरा डोंगर उघडा करण्याच्या कामावर लागण्याचा हा योग विलक्षण म्हणावा लागेल. या दोन्ही ठिकाणी सरकारी कागदांत झाडे मोजली गेली, आणि झाडांच्या आसपासची माणसे बहुधा उपद्रव या सदराखाली आली.

अरण्याविषयीचा आरोप निदान लाकडापुरता होता. १८६६ मध्ये जे घडले त्यामुळे तो आरोप प्राणांतिक झाला.

त्यापूर्वी मॉरिशसची ख्याती आरोग्यदायी बेट अशी होती. हिंदुस्थानातील हवेने खंगलेले इंग्रज अधिकारी तेथे हवापालटासाठी जात असत. देवी व पटकी यांच्या साथी येऊन गेल्या होत्या. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकीचा संशय येताच त्यांतील मजुरांना गाब्रिएल या ओसाड बेटावर उतरविण्यात आले. अन्नपाणी व निवारा यांची धड व्यवस्था नसल्याने त्यांतील सुमारे पावणेतीनशे माणसे तेथे मरण पावली, आणि हिंदुस्थान सरकारने काही काळ मॉरिशसकडील स्थलांतर स्थगित केले. आगंतुकांच्या शरीरातून रोग येतो या भीतीची परिणती कशात होते याचा हा आधीचा दाखला होय. हिवतापाची मोठी साथ मात्र बेटाने पाहिली नव्हती.

१८६५ च्या फेब्रुवारीत प्रचंड पूर आला. त्यानंतर अवर्षणाचा काळ गेला. १८६६ च्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यावर तापाचे रोगी आढळू लागले आणि १८६७ च्या पहिल्या सहामाहीत सारा सखल प्रदेश त्याने ग्रासला. एप्रिल १८६७ या एका महिन्यात पोर्ट लुईत सहा हजारांहून अधिक माणसे मेली. त्या वर्षातील मृत्यूंची संख्या लोकसंख्येच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास गेली. कोयनेलाचा साठा संपला व उरलेल्याचे भाव गगनाला भिडले. अमेरिकेचा तत्कालीन वकील निकोलस पाइक याने आपल्या १८७३ च्या ग्रंथात या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. १८६४-६५ मध्ये आगगाडी नुकतीच सुरू झाली होती. तिच्या सोयीने पोर्ट लुईमधील सुखवस्तू कुटुंबे क्यूरपिप, व्हाकोआ इत्यादी उंचावरील गावी राहावयास गेली व पुढे तेथेच स्थायिक झाली. बंदराच्या दलदलीत आणि किनाऱ्यावरील मळ्यांच्या चाळींत ज्यांना राहणे भाग होते ते राहिले.

साथीची कारणे शोधण्यासाठी चौकशी समिती नेमण्यात आली. वैद्यांत दोन पक्ष पडले. दूषित हवा, घाण, गर्दी व निचऱ्याचा अभाव यांवर एका पक्षाचा भर होता. ताप हिंदुस्थानातून मजुरांनी आणला असे दुसऱ्याचे म्हणणे होते. अरण्यतोडीने ओलावा व पाऊस यांचा समतोल बिघडला, असे मानणाराही एक वर्ग होता. पाम्प्लमूस येथील वेधशाळेचा प्रमुख चार्ल्स मेल्ड्रम याने हवामान, आरोग्य व वने यांच्या संबंधाचा शोध पुढे अनेक वर्षे केला व १८८१ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या वर्षी माणसे मरत होती त्याच १८६७ मध्ये बेटाच्या विधिमंडळाने भटक्यांविषयीचा कायदा अधिक कडक केला. कराराची मुदत संपलेल्या हिंदी माणसास स्वतःच्या छायाचित्रासह परवाना जवळ बाळगणे त्यामुळे आवश्यक झाले. तो नसल्यास अटक. या कायद्याचा मूळ हेतू मळ्यांना मजूर मिळत राहावेत हा होता. परंतु साथीच्या वातावरणात हिंदी माणसाच्या हालचालीवर बंधन घालणे सार्वजनिक हिताचेच आहे, असे वाटण्यास अनुकूल जमीन तयार झालेली होती. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ याच्या साहाय्याने ९४०१ जुन्या मजुरांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला. त्यातून नेमले गेलेले फ्रियर व विल्यमसन यांचे शाही आयोग १८७२ मध्ये बेटावर आले. त्यांचा १८७५ चा अहवाल मळ्यांतील जीवनाच्या इतिहासाचे आजही प्रथम श्रेणीचे साधन आहे.

हिवताप मजुरांनी आणला काय? आजच्या शास्त्रीय ज्ञानाच्या आधारे या प्रश्नाचे दोन भाग पाडणे आवश्यक आहे. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तातून प्रवास करतो, आणि हिंदुस्थानातून गेलेल्या अनेक मजुरांच्या रक्तात तो असणार यात शंका नाही. परंतु १८३४ पासून १८६६ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, असे मजूर लाखांनी येतच होते व साथ उद्‌भवली नव्हती. जंतू एका माणसातून दुसऱ्यात नेणारा अ‍ॅनोफिलिस जातीचा योग्य डास त्या काळी बेटावर नव्हता, हेच याचे सर्वांत समाधानकारक स्पष्टीकरण होय. मॉरिशसमध्ये हिवताप पसरविणाऱ्या डासाच्या दोन्ही जाती आफ्रिकेकडील आहेत, हिंदुस्थानातील नव्हेत. आफ्रिका व मादागास्करशी चालणाऱ्या जहाजी दळणवळणातून त्या साठच्या दशकात येऊन पोहोचल्या असाव्यात. मादागास्करहून मळ्यांच्या गाड्यांसाठी व खाण्यासाठी गुरे नियमित येत असत हे येथे आठवण्यासारखे आहे. शेजारच्या रीयुनियन बेटावरही अशीच साथ याच सुमारास, थोडी मागाहून, सुरू झाली.

फिजीशी केलेली तुलना हा मुद्दा अधिक पक्का करते. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार हिंदी मजूर फिजीस गेले. ते त्याच प्रांतांतून, त्याच बंदरांतून आणि तोच ताप अंगात घेऊन गेले. पण पॅसिफिकमधील त्या बेटांवर अ‍ॅनोफिलिस डास नव्हता व आजही नाही. फिजीत हिवताप कधीच रुजला नाही. रोगाचे बीज माणसाने नेले तरी ते रुजण्यास कोणती भूमी मिळते यावर सारे अवलंबून असते.

आणि ती भूमी मॉरिशसमध्ये तयार होती. ‘गांबी’ या नावाने त्या वेळी ओळखल्या जाणाऱ्या गटातील डासास (सूक्ष्म वर्गीकरणानंतर मॉरिशसमधील जात ‘अरेबिएन्सिस’ ठरली) अंडी घालण्यास उघड्यावरील, उन्हात तापलेले उथळ पाणी लागते. घनदाट अरण्याच्या सावलीत त्यास असे पाणी मिळत नाही. झाडे गेली म्हणजे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते. मळ्यांचे पाट, अर्धवट बुजलेले ओढे, माती नेल्याने पडलेले खड्डे, पुराने मागे ठेवलेली डबकी, अशी या डासास अनुकूल स्थळे बेटाच्या सखल भागात पसरलेली होती. तीस वर्षांच्या तोडीने तयार झालेल्या या भूमीवर डास उतरला तेव्हा त्याच्या स्वागताची सिद्धता पूर्ण झालेली होती. अरण्यतोडीचा व तापाचा संबंध आहे असे म्हणणारा पक्ष अशा रीतीने बरोबर ठरला. मात्र त्याने दिलेले कारण, म्हणजे दूषित हवा, चुकीचे होते. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

१८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू शोधून काढणारा रोनाल्ड रॉस १९०७ च्या अखेरीस मॉरिशसला गेला. त्याने मळोमळी मुलांच्या प्लीहा तपासून तापाचे प्रमाण काढले आणि १९०८ च्या अहवालात निचऱ्याची, पाणथळ जागा बुजविण्याची व कोयनेल वाटण्याची योजना मांडली. प्रत्येक डास मारण्याची गरज नसून त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणल्यास रोग आपोआप ओसरतो, हा सिद्धांत त्याने गणिताच्या साह्याने मांडला तो या बेटाच्या संदर्भातच. साथीच्या शास्त्रातील गणिती विचारास येथून गती मिळाली. आजच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, रॉसच्या उपाययोजनेत माणसांची आवक थांबविण्यापेक्षा जमीन व पाणी यांच्या व्यवस्थेला अग्रस्थान आहे. १९४९ ते १९५१ मधील डी. डी. टी. च्या मोहिमेने डासाच्या दोन जातींपैकी ‘फ्युनेस्टस’ ही नाहीशी झाली.

साथीनंतर सरकार अरण्याकडे वळले. १८७० च्या दशकापासून वनविषयक कायदे झाले. डोंगरमाथे व नदीकाठ राखीव ठरले. पुढे तर पठारावरील कित्येक जमिनी सरकारने पैसे देऊन परत विकत घेतल्या. या व्यवहाराकडे जरा थांबून पाहावे. ज्या जमिनी फ्रेंच अमदानीत मळेवाल्यांना बहुधा विनामूल्य मिळाल्या होत्या, ज्यांवरील चौथा हिस्सा वन राखण्याची अट त्यांनी मोडली होती, त्याच जमिनींची किंमत त्यांना सार्वजनिक तिजोरीतून मिळाली. राखीव वनांत गवत कापणे, गुरे चारणे, सुके लाकूड उचलणे हे मात्र गुन्हे झाले, आणि ते गुन्हे करणारी माणसे मळ्यांच्या आसपास राहणारी, बव्हंशी हिंदी होती. अरण्याच्या नाशाचा लाभ एका वर्गास झाला व संरक्षणाचा भार दुसऱ्यावर पडला.

मजूर सर्वस्वी निर्दोष होते असा याचा अर्थ नव्हे. सरपण त्यांनाही लागत होते. १८७० च्या दशकापासून चित्र बदलू लागते. बीटच्या साखरेमुळे भाव पडले. मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे दूरचे, खडकाळ तुकडे पाडून ते विकावयास काढले. फ्रेंचमध्ये ‘मोर्सेलमाँ’, म्हणजे तुकडेवारी, या नावाने ही प्रक्रिया ओळखली जाते. विकत घेणारे होते जुने हिंदी मजूर, मुकादम व छोटे व्यापारी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत लागवडीखालील जमिनीचा जवळपास तिसरा हिस्सा हिंदी लोकांच्या हाती आला होता. आता कुऱ्हाड व जमीन दोन्ही एकाच हातात होती, आणि येथपासूनच स्थलांतरितांचा पर्यावरणावरील परिणाम असे ज्यास यथार्थतेने म्हणता येईल त्याचा इतिहास सुरू होतो.

हा इतिहास संमिश्र आहे. मळ्यांनी टाकून दिलेल्या जमिनी काळ्या दगडांनी भरलेल्या होत्या. ते दगड उचलून रचलेल्या राशी उसाच्या शेतांत आजही उभ्या दिसतात. छोट्या शेतकऱ्याने उसाच्या ओळींमध्ये भाजीपाला लावला आणि गाय पाळली. शेणखत, उसाचे वाढे व दूध यांचे चक्र एकपिकी मळ्यात नव्हते. ते या तुकड्यांवर सुरू झाले. दुसऱ्या बाजूस, तीव्र उतारावरचे तुकडे नांगरटीखाली आल्याने माती वाहून गेली, आणि गाईच्या चाऱ्यासाठी राखीव वनांच्या कडांवर सतत हात पडत राहिला. वनरक्षक आणि गवताचा भारा घेऊन परतणारी स्त्री यांच्यातील संघर्ष मॉरिशसमध्येही घडला, तो सह्याद्रीच्या पायथ्याशी घडत होता त्याहून फारसा वेगळा नसावा.

भूमीशी नाते जडण्याचे एक निराळे चिन्ह याच काळात दिसते. नैर्ऋत्येकडील पठारावर, सुमारे १८०० फूट उंचीवर, मृत ज्वालामुखीच्या मुखात ग्रां बासें नावाचे सरोवर आहे. त्रिओले गावच्या झुम्मन गिरी या पुजाऱ्यास १८९७ मध्ये त्याचा दृष्टान्त झाला व पुढील वर्षी महाशिवरात्रीस तेथे पहिली यात्रा गेली, अशी परंपरा आहे. १९७२ मध्ये त्यात गंगाजल ओतून त्यास गंगा तलाव हे नाव देण्यात आले. उरलेल्या वनाच्या काठावरील एक जलाशय यामुळे पूजनीय झाला; यात्रेकरूंची संख्या वाढली तशी त्याच्या काठचे रस्ते, बांधकामे व कचरा हीही वाढली. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

मॉरिशसच्या मूळ वनाचे जे अवशेष उरले आहेत, ते बेटाच्या क्षेत्रफळाच्या शेकडा २ इतकेही नाहीत, आणि त्यांस आज कुऱ्हाडीपेक्षा परकीय वनस्पती व प्राणी यांचा धोका अधिक आहे. या परकीयांची वंशावळ पाहण्याजोगी आहे. मूळचा ब्राझीलचा पण तेथे ‘चिनी पेरू’ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष, सिलोनकडील प्रिव्हेट, मादागास्करचे पंख्यासारखे पसरणारे रावेनाला. जावाची हरणे व माकडे. टोळधाडीच्या बंदोबस्तासाठी फ्रेंचांनी १७६० च्या दशकात हिंदुस्थानातून नेलेली साळुंकी. १८९९ मध्ये प्लेग आल्यावर उंदीर मारण्यासाठी १९०० च्या सुमारास सोडलेले मुंगूस. या यादीतील बहुतेकांचा प्रवेश शोभेच्या बागा, शिकारीची हौस किंवा सरकारी योजना यांच्या द्वारे झाला. मजुराच्या गाठोड्यातून उतरलेले त्यांत जवळजवळ काहीच नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात मूळ वनाच्या काही तुकड्यांना कुंपण घालण्यात आले असून, आतील पेरू व प्रिव्हेटची रोपे माणसे लावून हाताने उपटावी लागतात. ती पुन्हा उगवतात, आणि हे काम पुन्हा करावे लागते.